सोळा सेटांचा सोमवार

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात व्यायामशाळा म्हणजे पत्र्याच्या छपराची एक जुनी खोली, दोन बेंच आणि गंजलेल्या प्लेटा. संध्याकाळी मी तिथं पोरांना शिकवतो. हजेरीच्या रजिस्टरातच कोणी किती वजन किती वेळा उचललं, ते लिहून ठेवायची मला खोड आहे.

एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. 7.26 किलोचा गोळा लांब फेकायचा, म्हणून छाती-खांद्याचा ध्यास. पण बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून दांडा छातीवरून वर ढकलायच्या व्यायामात, पाच महिने 60 किलोच्या पुढं सरकला नव्हता. त्या सोमवारी चौथ्या सेटला, म्हणजे सलग उचलींच्या चौथ्या फेरीला, दांडा छातीवरच बसला. दोघांनी धरून उचलला. पोरगा उठून बसला, घाम पुसला नि म्हणाला, "सर, सोमवारी छाती मारली का बुधवारपर्यंत सदरा घालता येत नाही मले. मंग वजन काऊन वाढून नाही राह्यलं?"

रजिस्टर काढलं. बेंचचे पहिले दोन सेट आठ-आठचे, तिसरा सहाचा, चौथा चारचा. पुढं इन्क्लाइन, डिप्स, फ्लाय, हे छातीचेच बाकीचे व्यायाम. चौदाव्या सेटला हातात पाच किलोचे डंबेल, तेही अर्ध्यातून परत. सोळातले कामाचे सेट सहा-सात, बाकी नुसता घाम. मग पुढच्या सोमवारपर्यंत छातीला सुट्टी. व्यायामानंतर स्नायूत प्रथिनं बांधायचा वेग वाढतो, तो दीड-दोन दिवसांत खाली येतो. अंग दुखतंय म्हणजे स्नायू वाढतोय, हा पोराचा हिशोब. खरं सांगायचं तर बरीच वर्षं माझाही तोच होता.

आणि 'सोमवार छाती, मंगळवार पाठ' हा तक्ता भिंतीवर लावला कोणी? मीच. अमरावतीला शिकत असताना एका जिममधून उतरवून आणलेला.

सोळा सेट तेच ठेवले, एकही वाढवला नाही. सोमवारी सहा, बुधवारी पाच, शनिवारी पाच. तिन्ही दिवशी सुरुवात बेंचनं, ताज्या अंगानं. पहिल्या आठवड्यात पोरगा नाराज. "सर, काही केल्यासारखंच नाही वाटत." सातव्या आठवड्यात 67.5 किलो सहा वेळा गेलं.

मला वाटलं, गुरुकिल्ली सापडली. मग वाचलं तेव्हा जरा जमिनीवर आलो. व्यायामाचे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्नायूवाढीसाठी आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा बरं ठरलं होतं. 2019 मध्ये जास्त अभ्यास घेऊन पुन्हा पाहिलं, तर आठवड्याचं एकूण काम सारखं असताना दिवसांच्या संख्येनं फारसा फरक पडत नव्हता. आमच्या पोराचं काम सारखं होतं ते कागदावर. सोमवारचे शेवटचे नऊ-दहा सेट मेलेले होते, वाटून दिल्यावर ते जिवंत झाले. शिवाय बेंच हे कसबही आहे, आठवड्यात तीनदा दांडा धरला की हात सुधारतो.

तक्ता मी काढून टाकला. पोरगा बघत होता. "मंग सर, आता रोजच मारू का छाती?"

म्हटलं, "मार. पण सोळाच."

दिवाळीनंतर कापूस फुटला आणि तो वेचणीला लागला. आता फक्त रविवारी येतो. सोळा नाही, सहाच सेट करतो. परवा 65 किलो पाच वेळा लिहिलं त्याच्या नावापुढं.