दहा महिने की दहा वर्षे

जुलै 2024 मध्ये बाबांच्या छातीत दुखू लागलं आणि रात्रीच त्यांना साताऱ्याहून पुण्याला आणलं. दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. पॉलिसी मार्च 2022 पासूनची, हप्ता एकदाही चुकलेला नाही, त्यामुळे पैशांची चिंता आम्ही केलीच नव्हती. डिस्चार्जच्या दिवशी टीपीए डेस्कवरच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) मुलाने कागद पुढे सरकवला. कॅशलेस नामंजूर, कारण, पॉलिसी घेताना रक्तदाबाची माहिती लपवली.

बिल 2,84,000 रुपये. बाबांची ठेव मोडली, उरलेले मावसभावाने दिले.

बाबांची बीपीची गोळी सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, म्हणजे पॉलिसीनंतर दीड वर्षाने. मग लपवलं काय? इनडोअर केसपेपरच्या, म्हणजे दाखल असतानाच्या नोंदींच्या, प्रती मिळवायला रेकॉर्ड रूमच्या चार खेपा झाल्या, तेव्हा उलगडलं. बीपी कधीपासून, यावर मी कॅज्युअल्टीत 'दहा महिने' सांगितलं होतं. पहिल्याच पानावर, घाईच्या अक्षरात, लिहिलं होतं : 'एचटीएन, 10 इयर्स', म्हणजे दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब. पानाखाली सही माझीच, न वाचता केलेली.

पैसे परत मिळावेत म्हणून दावा टाकला. एकेक कागद मागणारी पत्रं आली, प्रत्येक वेळी वेगळी. मूळ बिलं पाठवली, मग स्टेंटचं स्टिकर, मग पहिल्या तपासणीचा कागद. तो आमच्या फॅमिली डॉक्टरांचा कागद आईने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवला होता, तारखेसकट. हृदयरोगतज्ज्ञांनीही 'दहा महिने' असं लेखी दिलं. तरी ऑक्टोबरमध्ये दावा फेटाळला, शब्दही तेच.

त्याच आठवड्यात बाबांच्या उशाशी गोळ्यांची पाकिटं दिसली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं पाकीट महिन्यात संपायला हवं होतं, त्यात अकरा गोळ्या शिल्लक होत्या. विचारलं तर म्हणाले, "दिवसाआड घेतोय. तेवढेच पैसे वाचतात." स्टेंटनंतर ही गोळी चुकली तर आत गुठळी होऊ शकते, हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. मी तिथेच रडले. नकाराच्या पत्राचा खरा अर्थ मला त्या पाकिटावरून कळला.

कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहिलं. दावा आढावा समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही, असं आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, मे 2024 च्या परिपत्रकात आहे. समितीने नेमकं काय पाहिलं, असं दोनदा विचारलं, उत्तर नाही. तीस दिवस उलटल्यावर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात तक्रार केली. फी लागत नाही, वकील चालत नाही. नकारानंतर वर्षभरात जावं लागतं एवढंच. हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

सुनावणी मार्चमध्ये झाली. मार्च 2022 च्या आधी रक्तदाबाचे उपचार झाल्याचा काही पुरावा आहे का, असं कंपनीच्या माणसाला विचारलं गेलं. त्याच्याकडे केसपेपरची ती एक ओळच होती. निकाल आमच्या बाजूने लागला आणि मे 2025 मध्ये रक्कम जमा झाली.

सहा महिन्यांनी करायची टूडी इको, हृदयाची सोनोग्राफी, बाबांनी तोवर पुढे ढकलली होती. मोबाइलवर बँकेचा मेसेज वाचून झाला आणि ते म्हणाले, "आता घे वेळ."