हमीपत्रावर सही करण्यापूर्वी
मुंबईतल्या महाविद्यालयांत प्रवेशाच्या खिडकीपाशी विद्यार्थी आणि पालक रॅगिंगविरोधी हमीपत्रावर अनेकदा न वाचताच सह्या करतात, याची मला मनापासून चिंता वाटते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार रॅगिंग सिद्ध झाल्यास २ वर्षांपर्यंत कारावास आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला ५ वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची असते आणि त्यात हयगय केल्यास ते गुन्ह्याला साहाय्य मानले जाते. हे शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण वसतिगृहातला घाबरलेला प्रथम वर्षाचा मुलगा कित्येकदा ‘बघू, समजुतीने मिटवू’ एवढेच ऐकून परततो. मुलांच्या सुरक्षेच्या इतर बाबतीतही अशीच हयगय दिसते. वसतिगृहाच्या दारावर ओळखपत्राची तपासणी काटेकोर होते. मागच्या जिन्यावर रचलेली मोडकी बाके मात्र तशीच असतात, आणि आग लागली तर मुलांना उतरायचे असते त्याच जिन्याने.