हिरव्या टोपणाची नळी

धाकट्या भावाच्या हिरड्यांतून रक्त थांबेना म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी केली. पांढऱ्या पेशी ८४,०००, म्हणजे फारच जास्त; प्लेटलेट २२,०००, फारच कमी. गावातल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला आत बोलावून मायक्रोस्कोप दाखवला. जांभळट, मोठमोठ्या पेशी. प्रत्येकीत केंद्रकच केंद्रक. "या ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी. रक्ताचा कॅन्सरच वाटतोय, पण कुठला ते यावरून नाही ठरवता येत. आत सुईसारखी काडी दिसली असती तर मायलॉइड प्रकारचा म्हटलं असतं." तोवर ब्लड कॅन्सर म्हणजे एकच आजार, अशी माझी समजूत.

दुसऱ्या दिवशी पुण्यात बोनमॅरो, म्हणजे हाडाच्या आतल्या मज्जेची तपासणी. कुशीवर झोपवून कमरेच्या हाडात मागून सुई. भूल कातडीपासून हाडाच्या वरच्या आवरणापर्यंतच. आतला रस ओढताना ती कामाची नाही. "दादा, पायच आतून कुणीतरी ओढतंय असं वाटलं," धाकटा नंतर म्हणाला. काचेवरच्या थेंबात रव्यासारखे बारीक कण दिसले तेव्हा डॉक्टर खूश झाले. सॅम्पल चांगलं आलं होतं.

जांभळ्या टोपणाची नळी पेशींच्या खुणा ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीला, हिरव्या टोपणाची क्रोमोसोमच्या तपासणीला. पोचवायचं काम माझ्याकडे. मी शहाणपणा करून दोन्ही बर्फाच्या डब्यात घातल्या! लॅबच्या काउंटरवरची मुलगी डबा उघडून बघतच राहिली. "बर्फ कुणी सांगितला? क्रोमोसोमसाठी पेशी जिवंत लागतात, वाढवाव्या लागतात." सांगितलं कुणीच नव्हतं. पण बर्फ घालू नका, असंही कुणी सांगितलं नव्हतं.

फ्लोचा रिपोर्ट दोन दिवसांत आला. सीडी१९, सीडी१०, सीडी३४, टीडीटी या खुणा पॉझिटिव्ह, एमपीओ ही मायलॉइडची खूण निगेटिव्ह. म्हणजे बी-पेशींचा एएलएल, मायलॉइड नव्हे तर लिम्फॉइड प्रकारचा ब्लड कॅन्सर. क्रोमोसोमचा मात्र बारा दिवसांनी: पेशी वाढल्या नाहीत. मी खाली मान घालून बसलो. डॉक्टर म्हणाले, "बर्फामुळेच असं नाही, या पेशी एरवीही कधी कधी वाढत नाहीत. फिश म्हणून क्रोमोसोममधला ठरावीक बदल शोधणारी तपासणी असते, तिला त्या वाढाव्या लागत नाहीत, आणि फिशमध्ये आपल्याला हवं ते सापडलंय." नववं आणि बाविसावं क्रोमोसोम तुटून एकमेकांना जोडलं गेलं होतं. फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात त्याला. एकेकाळी हे निदान फार वाईट मानत. आता किमोसोबत थेट याच बदलावर काम करणाऱ्या इमॅटिनिबच्या गोळ्या सुरू झाल्या.

महिनाअखेरीस एमआरडीसाठी, म्हणजे कॅन्सरच्या उरल्यासुरल्या पेशी शोधायला, पुन्हा बोनमॅरो. दहा हजारांत एक पेशी उरली असली तरी फ्लोला सापडते म्हणे. सुई म्हटल्यावर धाकट्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. या वेळी नळी मी बिनबर्फाच्या डब्यातून नेली.