रिकाम्या अहवालाचे मथळे: माझा अनुभव

निपाणी भागातील एका दूध संस्थेचे संकलनाचे रजिस्टर संगणकावर आणण्याचे काम मी बेळगावात राहून करत होतो. त्यासाठी पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरला होता. संस्थेला हवे होते ते असे की कोणतीही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवली तरी तिचा अहवाल आपोआप तयार व्हावा, उत्पादकांच्या प्रतीवर मथळे मराठीत यावेत आणि सरकारी खात्याकडे जाणाऱ्या प्रतीवर कन्नडमध्ये.

मी आधी सोपी वाट धरली. निकालातील पहिली ओळ घ्यायची, तिच्यात आलेली नावे हेच मथळे मानायचे, आणि मूल्य अंकासारखे दिसले तर त्याचा आकडा करून ते उजवीकडे लावायचे. पहिली छापील प्रत पाहताच सेक्रेटरी अण्णांनी एका ओळीवर बोट ठेवले.

"हा सत्तेचाळीस नंबर कोण ओ? आमच्या रजिस्टरला शून्य शून्य सत्तेचाळीस आहे."

सभासद क्रमांक टेबलात अक्षरी प्रकारचा होता आणि माझ्या कोडने ००४७ मधली पुढची शून्ये खाल्ली होती. त्याहून लाजिरवाणे पुढेच घडले. नोंदी नसलेल्या एका तारखेचा अहवाल त्यांनी मागितला, तेव्हा मथळेही नसलेला कोरा कागद बाहेर आला, कारण पहिली ओळच नव्हती तर नावे येणार कुठून?

वास्तविक डेटाबेस निकालासोबत प्रत्येक कॉलमची माहिती पाठवतच असतो. मीच ती मागत नव्हतो. पीएचपीला मायएसक्यूएलशी जोडणाऱ्या मायएसक्यूएलआयच्या 'फेच फील्ड्स' या फंक्शनला हाक दिली की दर कॉलममागे त्याच्या माहितीचा एक ऑब्जेक्ट मिळतो, आणि निकालात एकही ओळ नसली तरी तो मिळतो. त्यातील 'टाइप' हा आकडा असतो: २५३ म्हणजे व्हारकॅर (अक्षरी मजकूर), २४६ म्हणजे डेसिमल (दशांश संख्या), १० म्हणजे तारीख. सभासद क्रमांकासमोर २५३ दिसला आणि शून्यांचा प्रश्न तिथेच मिटला.

नावांचा गुंता मात्र अधिक वेळ घेऊन गेला. सभासद आणि गाव या दोन्ही टेबलांत 'नेम' असाच कॉलम होता, आणि ओळ नावानिशी वाचली की एकाच नावाच्या दोन कॉलमांपैकी शेवटचाच टिकतो, त्यामुळे सभासदाच्या जागी त्याच्या गावाचे नाव छापले जाई. एका पानावर तर सगळ्याच उत्पादकांचे नाव बेडकिहाळ होते! मग मी ओळीतले कॉलम नावाऐवजी त्यांच्या क्रमांकाने वाचू लागलो आणि त्याच क्रमांकाच्या ऑब्जेक्टमधून 'ऑर्गटेबल' आणि 'ऑर्गनेम', म्हणजे मूळ टेबल आणि मूळ कॉलम, घेऊ लागलो. क्वेरीत कोणी कॉलमला टोपणनाव दिले तरी ही मूळ नावे बदलत नाहीत, म्हणून मराठी आणि कन्नड मथळ्यांचे कोष्टक मी त्यांच्यावरच बांधले.

ही माहितीही डोळे झाकून वापरता येत नाही. नावासाठी ५० अक्षरांचा कॉलम ठेवला होता, तर ऑब्जेक्टमधल्या 'लेंग्थ'मध्ये, म्हणजे लांबीत, २०० आले आणि छपाईचा रकाना पानाबाहेर गेला. ती लांबी बाइटमध्ये असते आणि यूटीएफ-८-एमबी-४ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत दर अक्षरामागे ४ बाइट धरलेले असतात. देवनागरीचे एक चिन्ह प्रत्यक्षात ३ बाइट घेते, आणि काना-मात्राही त्यात वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे 'निपाणी' हा तीन अक्षरी दिसणारा शब्दच १८ बाइटचा. दुधाच्या फॅटला टेबलात एकच दशांश स्थळ होते, पण सरासरी काढल्यावर ऑब्जेक्टमधले 'डेसिमल्स', म्हणजे दशांश स्थळे, ५ दाखवू लागले, कारण सरासरी काढताना मायएसक्यूएल मूळ स्थळांत आणखी ४ ची भर घालते. ४.२३७५० फॅट कोणता उत्पादक वाचणार? ती सरासरी क्वेरीतच एका स्थळावर आणली.

शिवाय बेरीज-सरासरीसारख्या काढलेल्या कॉलमना मूळ टेबलच नसते, त्यामुळे त्यांचे 'ऑर्गनेम' रिकामे येते. अशा वेळी टोपणनावावरच विसंबावे लागते, म्हणून त्यांच्यासाठी मी कोष्टकात वेगळ्या ओळी केल्या आणि कन्नड शब्द विचारण्यासाठी अण्णांना फोन लावला.

"सरासरीला कन्नडमध्ये काय लिहू, अण्णा?"

"सरासरीच की ओ," ते म्हणाले, "तिकडेबी सरासरीच."