काकांचा एमआरआय

माझे धाकटे काका कोल्हापूरच्या मार्केट यार्डात अनेक वर्षे गुळाचे रवे उचलत आले. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या पायात कंबरेपासून अंगठ्यापर्यंत कळ जाऊ लागली आणि औषधे, फिजिओथेरपी यांत तीन महिने जाऊनही ती थांबेना, तेव्हा एमआरआय काढला. अहवालात दोन गाद्या सरकल्याचे लिहिले होते: कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली आणि तिच्या खालची. दोन्हींचे ऑपरेशन एकदाच उरकावे, असे घरातल्या सर्वांचे मत पडले.

डॉक्टरांनी मात्र फिल्म पाहून झाल्यावर काकांना पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला. तो नीट उचलला जात नव्हता. अंगठा उचलण्याचे बळ मुख्यतः कंबरेच्या पाचव्या नसेकडून येते आणि ती नस बहुतेक वेळा वरच्या गादीमुळे दबते. खालची गादी त्रास देत असती तर बधिरपणा पावलाच्या बाहेरच्या कडेला आला असता. त्यामुळे खालच्या गादीला हात लावायचा नाही, असे ठरले. अमेरिकेत 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा सर्व गाद्या निर्दोष असलेले 36 टक्केच निघाले. ‘मणक्यात गॅप आहे’ एवढ्या एका वाक्यावर आपल्याकडे माणसे वर्षानुवर्षे धास्तावून राहतात, म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी कातडीला जेमतेम 8 मिलिमीटरची चीर दिली जाते, त्यामुळे उघड्या जखमेतून मणके पाहण्याची सोय नसते. ती उणीव सी-आर्म हे फिरते एक्स-रे यंत्र भरून काढते. समोरून आणि बाजूने प्रतिमा घेत, मणके मोजत सुई योग्य गादीपर्यंत नेली जाते. काही जणांचा कंबरेचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जुळलेला असतो, अशा वेळी मोजणी चुकण्याचा धोका असतो. म्हणून जुना साधा एक्स-रेही डॉक्टरांनी आठवणीने मागून घेतला होता. एमआरआय आल्यावर तो आम्ही अडगळीत टाकला होता.

काका शुद्धीवर होते, केवळ जागा बधिर केली होती. पायातली कळ ओसरल्याचे त्यांनी टेबलावरूनच सांगितले. पुन्हा एमआरआय काढायचा का, असे मी विचारले, तेव्हा ऑपरेशननंतर लगेच सूज असल्याने चित्र फसवे दिसू शकते, असे सांगून डॉक्टरांनी पुन्हा अंगठाच तपासला.