सात आठवडे आणि एक लांब स्क्रू

रायफल निवडायला मला तीन महिने लागले आणि ते सगळे मजेत गेले. त्यानंतरचे सात आठवडे मात्र अजून डोक्यातून जात नाहीत, म्हणून हे लिहितेय. निवडीचं सांगतेच, पण राग मधेमधे डोकावणार.

हलकी हवी होती ती शिकारीतल्या चढासाठी. जुनी रायफल दुर्बिणीसकट साडेचार किलोच्या आसपास भरायची. दिवसभरात गोळी सुटली तर एकदा सुटते, बाकी सगळा वेळ ते ओझं खांद्यावर. परवाना, सुरक्षेची परीक्षा, घरचं कुलूपबंद कपाट हे आधीपासून होतं, त्यामुळे कागदपत्रांत काही अडलं नाही.

पहिली फसगत वजनाच्या आकड्यात होते. माहितीपत्रकातलं वजन नुसत्या रायफलीचं असतं. टिक्का टी३एक्स लाइट 3 किलोच्या आत बसते. तिच्यावर अर्ध्या किलोची दुर्बीण, बेस (रायफलीवर स्क्रूनं बसणारी पट्टी), रिंगा (बेसवर दुर्बीण धरणारी कडी), खांद्याचा पट्टा आणि काडतुसांनी भरलेलं मॅगझिन चढवलं की ती पावणेचारकडे सरकते. म्हणून आधी दुर्बीण हलकी घ्या, रायफलीवर ग्रॅम वाचवायचं नंतर बघू. किंबर माउंटन असेंट सव्वादोन किलोच्या आसपास आहे. हातात घेतली की सोडवत नाही, पण काडतूस तेच ठेवून वजन निम्मं केलं तर धक्क्याची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. मी .308 विंचेस्टर काडतुसाचा हट्ट सोडला आणि 6.5 क्रीडमूर काडतूस घेतलं. धक्का कमी, आणि माझ्या अंतराला पुरून उरतं. त्याचा पश्चात्ताप अजून तरी नाही.

बोल्टवर, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या आणि बाहेर काढणाऱ्या सरकत्या दांड्यावर, लोक तासन्‌तास वाद घालतात. 1898 च्या माउझरचा लांब पंजा काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच त्याची कड धरतो आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. 1962 ची रेमिंग्टन 700 ते नुसतं पुढे ढकलते, आणि एवढी वर्षं तीही चाललीच आहे. माझ्या मते दुकानात डमी (बिनदारूची) काडतुसं भरून बोल्ट चालवून पाहणं जास्त महत्त्वाचं. सावकाश, मग झटक्यात, मग रायफल कुशीवर धरून. एक देखणी रायफल मी तिथेच परत ठेवली, कारण सावकाश ओढलं की रिकामं काडतूस आतच लोळत राहायचं.

घेतली त्या रायफलीचं नाव लिहीत नाही. चूक तिची नव्हती, उगाच बदनाम व्हायची.

दुर्बीण दुकानाच्या कार्यशाळेतच बसवून घेतली. रेंजवर पहिल्या दिवशी 100 मीटरवर तीन गोळ्या 4 सेंटीमीटरमध्ये बसल्या. मी खूश. आठवड्यानं गेले तर पहिलीच गोळी हातभर नाही, पण चांगली 9 सेंटीमीटर डावीकडे. झिरो (दुर्बिणीतला नेम आणि गोळीची जागा यांचा मेळ) पुन्हा जुळवला. पुढच्या खेपेला पहिली गोळी उजवीकडे, वर. दुर्बिणीचे नॉब फिरवून फिरवून बोटं दुखली, काडतुसांची दोन खोकी संपली.

कार्यशाळेत घेऊन गेले. काउंटरवरच्या माणसानं रायफल हातात घेण्याआधीच निदान केलं. "मॅडम, हलक्या रायफलीला धक्का बसतो. चाप ओढताना तुम्ही डोळे मिटत असाल."

तसं होऊ शकतं, मी नाकारत नाही. म्हणूनच येण्याआधी तपासून घेतलं होतं. रेंजवरचे एक काका माझ्या मॅगझिनमध्ये मला न दाखवता मधेच एखादं डमी काडतूस घालायचे. डमी आलं की नुसता टक्क आवाज होतो, आणि तुम्ही दचकत असाल तर नळी तेव्हाही खाली डुचकते. माझी हलली नाही. हे सांगितलं, तर त्यानं मान डोलावली आणि फॉर्मवर काही लिहिलं नाही.

फॉर्मवर तक्रारीसाठी दीड ओळ जागा होती. मी बारीक अक्षरात लिहिलं: "थंड नळीची पहिली गोळी दर वेळी वेगळ्या जागी." यातला 'पहिली' शब्द अधोरेखित केला, कारण सगळं त्यातच होतं. पातळ नळी तापली की गोळ्या सरकतात हे मलाही माहीत आहे. पण थंड नळीची पहिली गोळी रोज तिथल्या तिथे लागायला हवी. ती भटकत असेल तर काहीतरी सैल आहे.

दोन आठवड्यांचा वायदा होता. तिसऱ्या आठवड्यात फोन केला तर "रांगेत आहे." पाचव्यात "कारागीर रजेवर आहे." हंगाम सुरू झाला. सहाव्यात फोन उचलणाऱ्याला माझी रायफल तिथे आहे हेच सापडेना. मी पावतीचा नंबर तीनदा वाचून दाखवला. सातव्या आठवड्यात ती परत आली. सोबत चिठ्ठी: "3 गोळ्या झाडल्या. ग्रुप समाधानकारक. नळी पातळ असल्याने तापल्यावर फरक अपेक्षित. दोष आढळला नाही." सात आठवड्यांत तीन गोळ्या, आणि त्याही एका पाठोपाठ एका दिवशी. 'पहिली'खालची रेघ कुणी पाहिलीच नव्हती.

त्या रात्री मी बोल्ट काढून ठेवला, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि दुर्बीण स्वतःच उतरवली. बेस बोटांनी हलवला तर घट्ट. पण पुढच्या टोकाखाली वहीच्या कागदाची पट्टी सरकवली आणि ती बोटभर आत गेली. स्क्रू काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन लांब, दोन किंचित आखूड. लांबांपैकी एक सगळ्यात पुढच्या भोकात होता आणि त्याचं टोक चपटं, चकचकीत झालेलं. त्या भोकाखाली रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागात, नळीचे आटे असतात. स्क्रू त्यांच्यावर टेकून घट्ट झाला होता, बेसला त्यानं धरलंच नव्हतं. पान्याला घट्ट लागत होता आणि बेस प्रत्येक धक्क्यासरशी केसभर सरकत होता.

स्क्रूंची अदलाबदल केली, भोकांतलं तेल पुसलं, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एकेक थेंब लावला. रिंगांचे स्क्रू टॉर्क ड्रायव्हरनं, म्हणजे किती जोरात आवळलं ते मोजणाऱ्या पेचकसानं, 2 न्यूटन-मीटरला आवळले. नुसत्या मनगटाच्या अंदाजानं आवळू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. एकूण काम चाळीस मिनिटांचं, त्यात चहा धरून.

आणखी एक राहिलं. हलक्या रायफलींचे प्लास्टिकचे दस्ते (नळीखालून खांद्यापर्यंत जाणारा भाग) पुढच्या बाजूला लवचीक असतात. घेतानाच कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून मागपर्यंत फिरवून पाहा, आणि पुढचं टोक हातानं दाबून पुन्हा फिरवा. दाबल्यावर अडकली तर टेकू लावून मारताना दस्ता नळीला टेकणार आणि गोळी सरकणार.

तीन वेगवेगळ्या सकाळी जाऊन एकेकच गोळी झाडली, त्याच कागदावर. तिन्ही साडेतीन सेंटीमीटरमध्ये. तो कागद आणि चपटा स्क्रू घेऊन कार्यशाळेत गेले. काउंटरवरच्यानं स्क्रू उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "हा आमचाच का?"

हंगामाचे अकरा दिवस उरले होते. त्यातले चार धुक्यात गेले.