बीईटीचा फॉर्म आणि ओला कापूस

आधीच सांगतो, बीईटी तपासणीच्या (भुकटीचा छिद्रांसकट पृष्ठभाग मोजायच्या) फॉर्मवरचा ‘डीगॅसिंग तापमान’, म्हणजे मोजण्याआधी नमुना किती अंशांवर तापवून छिद्रं रिकामी करायची, हा रकाना रिकामा सोडू नका. मी सोडला आणि चार महिने घालवले.

मी केळापूर तालुक्यातला. आमच्या भागातल्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा, त्याच्याही वर. म्हणून पीएचडीला मॉफ घेतले: धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेले सच्छिद्र स्फटिक. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना याच कामासाठी मिळालं, तेव्हापासून गावात विषय सांगणं सोपं झालं. सिमेंट कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड धरायला कॅल्फ-२० नावाचा जस्ताचा मॉफ वापरतात, हे ऐकल्यावर तर चंद्रपूरचा मामा म्हणाला, “इकडं आण मंग!”

फ्लोराइडसाठी ॲल्युमिनियम फ्युमरेट नावाचा मॉफ ठरला होता. पण हात बसावा म्हणून सरांनी आधी तांब्याचा मॉफ, एचकेयूएसटी-१, करायला लावला. पाण्यात तो टिकत नाही, सराव म्हणून ठीक. लोडशेडिंग सांभाळून केला, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघायची तपासणी) जुळला.

आता पृष्ठभाग मोजायचा. एका ग्रॅममध्ये दीड हजार चौरस मीटरच्या आसपास भरायला हवा, म्हणजे सातबाऱ्याच्या हिशेबाने १५ आर! त्यासाठी उणे १९६ अंशांवर नायट्रोजन शोषून बघतात. यंत्र आमच्याकडे नाही, म्हणून एसटीने शहरातल्या एका तपासणी केंद्रात गेलो. फॉर्मवर विभागप्रमुखांची सही नाही म्हणून पहिल्या दिवशी परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला फी भरली, नमुना दिला. मग दर सोमवारी फोन. “मॅडम रजेवर आहेत.” “नायट्रोजन संपलाय.” “तुमचा नंबर यायचाय.” सहा आठवड्यांनी अहवाल आला, आकडा शंभराच्याही आत. फोनवर उत्तर मिळालं, “तुमचं मटेरियलच तसं असेल.”

रात्रभर झोप नाही. सकाळी बाबांनी विचारलं काय झालं. सांगितलं, की छिद्रांमध्ये नायट्रोजन शिरलाच नाही. बाबा तंबाखू मळत म्हणाले, “ओला कापूस नेला व्हय काट्यावर?”

खरेदी केंद्रावर आधी ओल बघतात. ८ टक्क्यांच्या वर गेली की भाव कापतात, १२च्या वर कापूस परत. माझ्या स्फटिकांच्या छिद्रांत पाणी आणि डीएमएफ (बनवताना वापरलेला द्रावक) ठासून भरलेलं. रकाना रिकामा, म्हणून केंद्राने त्यांच्या नेहमीच्या ८० अंशांवर दोन तास तापवून मोजलं. विचारायला एक फोन करता आला असता की नाही? पण फॉर्म माझा.

नमुना पुन्हा नव्याने केला. तीन दिवस रोज ताज्या इथेनॉलमध्ये भिजवला, मग निर्वात ओव्हनमध्ये १५० अंशांवर रात्रभर. सकाळी काचेतून बघितलं तर आभाळी निळी भुकटी पिकल्या जांभळासारखी गडद झालेली. आनंदात झाकण काढलं! जुलैची दमट हवा; पाच-दहा मिनिटांत डोळ्यांदेखत फिकी पडली. पुन्हा ओव्हन. नमुना आभाळी दिसत असेल तर पाठवूच नका, रंगच ओल सांगतो.

दुसऱ्या फॉर्मवर ‘१५० अंश, १२ तास, निर्वात’ लाल शाईने लिहिलं, वर चिठ्ठीही चिकटवली. तरी सात आठवडे लागले. फी पूर्ण घेतली, कारण ‘हा नवा नमुना’. आकडा चौदाशेच्या वर आला. विभागात सगळ्यांना चहा पाजला, बाबांना मात्र नुसतं “कोरडा निघाला” एवढंच सांगितलं.

आणि हो, निदान २०० मिलिग्रॅम द्या, अर्धा स्वतःजवळ ठेवा. ते उरलेला परत देत नाहीत.